तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सफर्डच्या कॉलेजात शिकणं

अमळनेरला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, बाजारात, पारोळ्याच्या मावशीच्या ओट्यावर: "तठे काय शिकाडतस इतलं?" आणि त्याच्या आडून खरा प्रश्न: आपल्या पोरीला जमेल का?

ऑक्सफर्डमध्ये व्याख्यानं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. राहणं, जेवण आणि पदवीच्या मुलांची रोजची शिकवणी मात्र कॉलेजची. मी समरव्हिल कॉलेजची. 1879 मध्ये ते फक्त मुलींसाठी निघालं. मुलगे आले 1994 मध्ये. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये इथेच शिकायला आल्या. 1892 ला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण तेव्हा तिथे बायकांना पदवी देत नसत. ती हातात पडली 1922 मध्ये. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही बाई आपल्या पोरींना शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सत्र आठ आठवड्यांचं, वर्षात तीन. सुट्टी लांबलचक, पण ती वाचनासाठी.

सगळा जीव आहे तो ट्युटोरियलमध्ये. आठवड्याला पुस्तकांची यादी मिळते, त्यावर निबंध लिहायचा आणि तासभर शिक्षकासमोर बसायचं. समोर तुम्ही एकटे, फार तर दोघं. मी तत्त्वज्ञानाची. एकदा विषय होता, गुन्हेगाराला शिक्षा का द्यायची. मी लिहिलं होतं: इतरांना धाक बसावा म्हणून. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग निरपराध माणसाला फासावर चढवून धाक बसला, तर चालेल?" मी म्हटलं, नाही, लोकांना कळलं तर कायद्यावरचा विश्वास उडेल. "आणि कधीच कळलं नाही तर?" मी गप्प. बाईही गप्प. त्या थांबल्या, घड्याळाकडे न बघता. मग मी हळूहळू बोलायला लागले, की त्या माणसावर अन्याय झाला तो झालाच, कुणाला कळो न कळो. "हां, मग आता तुझ्या पहिल्या पानाचं काय करायचं?" उरलेला सगळा वेळ त्या पहिल्या पानावर गेला.

इथे गाईड कामाला येत नाही, आयएमपी प्रश्नही नाहीत. त्या निबंधांचे मार्क अंतिम निकालात धरत नाहीत. शेवटच्या परीक्षेला काळा गाऊन घालून, छातीला कार्नेशनचं फूल लावून जायचं: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. फोटो त्याचेच निघतात, म्हणून लोकांना तेवढंच माहीत असतं.

आणि हे काही आपल्याकडे कधी नव्हतंच असं नाही. 1916 मध्ये प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते याचसाठी, की अभ्यासकांनी तिथे राहावं, वाचावं, वाद घालावा. साने गुरुजी शाळेत शिकवायला लागले त्याआधी तिथेच होते. आज आपल्याकडच्या कॉलेजांत एका सरांपुढे शंभर पोरं बसतात. सर तरी कुणाकुणाला विचारणार?

तर, पोरीला जमेल का? इंग्रजी जमतं, थंडीही जमते. अवघड जातं ते आपलं म्हणणं कुणी उलटंपालटं करत असताना न रडता, न चिडता बसून राहणं. आपल्या घरात मोठ्यांनी "का?" विचारलं की पोरगी मान खाली घालते, तिथे मान वर करून उत्तर द्यावं लागतं. ही सवय दहावीपासून लावता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

पैसे पडतात ते फीला, आणि भरपूर. पदवीचा अर्ज आदल्या वर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो, म्हणजे बारावीच्या सुरुवातीलाच तयारी हवी. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या मुलामुलींना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

दिवाळीत मी अमळनेरला आहे. पोरीला पाठवा, पण मोकळ्या हाताने नको. कुठल्याही विषयावर, मराठीत चालेल, दोन पानं लिहून आणायला सांगा. तासभर बसू.