चार पेन्सिल सेल

फ्रीज, मिक्सर किंवा वॉशिंग मशीन घ्यायचे ठरले की मराठी मध्यमवर्गीय घरात एक ठरलेली चौकशी होते. गरज आहे का, जुने दुरुस्त होणार नाही का, किती वर्षे टिकेल, आणि दिवाळीपर्यंत थांबलो तर काही सूट मिळेल का. चाळशी लागलेल्या माणसाने स्वतःसाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घ्यायचे मनात आणले की ही चौकशी पहिल्याच प्रश्नाला आटोपते, कारण गरज नाही हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. माझे मत जरा उलटे आहे. फ्रीज बरा निघाला नाही तरी कुरकुरत का होईना आपण तो वापरतो. खेळणे मनासारखे निघाले नाही तर आठवड्याभरात माळ्यावर जाते. तेव्हा खेळण्याची पारख फ्रीजपेक्षा काकणभर अधिक कसून व्हायला हवी, आणि सध्या मी ती करतो आहे.

पहिला आक्षेप आईचा. "अरे, मोबाइल असतो की सतत हातात. त्यात नाहीत का गेम?" आहेत, आणि फोनमधली चिप पुष्कळदा या खेळण्यांतल्या चिपपेक्षा वरचढही असते. पण काचेला काठ नसतो. काचेवर काढलेल्या बटणावर अंगठा नेमका आहे की घसरला हे अंगठ्याला कळत नाही, म्हणून ते पाहायला नजर खाली जाते आणि तेवढ्यात आपला गडी खड्ड्यात पडलेला असतो. शिवाय ज्याला पळवायचे त्याच्यावरच अंगठा येतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. त्यांनी १९८२ साली घडीच्या एका छोट्या गेमसाठी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे दिशेचे बटण तयार केले. मधोमध टेकलेला अंगठा जरासा कलला की दिशा बदलते, आणि कुठे कलला हे न बघता समजते. आज बाजारात मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक कंट्रोलरवर हे बटण किंवा त्याचे एखादे भावंड दिसते. आईला हे सगळे सांगितल्यावर तिने "बरं" एवढेच म्हटले, आणि तिच्या बाबतीत ते अर्धी संमती धरायला पुरेसे असते.

दुसरा सल्लागार माझा भाचा. त्याच्या लेखी खरेदी म्हणजे आकड्यांची तुलना: पडद्यावर ठिपके किती, पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो, मेमरी किती, चिप कोणत्या साली आली. "मामा, तू आधी स्पेक्स बघ ना," हे त्याचे पालुपद आहे. मी स्पेक्स बघितले, आणि बघता बघता १९८९ सालापर्यंत मागे गेलो, कारण आकडे आणि हातातला खेळ यांचे नाते तिथे जितके स्वच्छ दिसते तितके नंतर कुठेच दिसत नाही.

त्या वर्षी निन्टेन्डोने गेम बॉय बाजारात आणला. या यंत्रामागेही योकोई होते. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, हिरवट, त्यात शेवाळी रंगाच्या चार छटा, आणि मागून उजेड नाही. संध्याकाळी खेळायचे तर खिडकीशी किंवा दिव्याखाली बसावे लागे. जवळपास त्याच सुमारास अटारीचा लिंक्स आणि पाठोपाठ १९९० साली सेगाचा गेम गिअर आला. दोन्ही रंगीत, दोन्हींच्या पडद्यामागे दिवा. आकड्यांच्या तक्त्यात गेम बॉय कुठेच टिकत नव्हता. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत, तर गेम बॉय चारच सेलवर दहा-बारा तासांहूनही अधिक चाले. गेम गिअर सुमारे एक कोटी खपला. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर खपली. जुन्या, मुरलेल्या आणि म्हणून स्वस्त झालेल्या तंत्राचा नव्या जागी उपयोग करावा असा योकोईंचा विचार होता, आणि तो हिशेब अखेर त्या सेलमध्येच दिसला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा, ठोकळे रचायचा तो राखाडी ब्रिक गेम याच घराण्यातला गरीब नातेवाईक म्हणायचा. त्यावर "९९९९ गेम" असे छापलेले असे, त्यातले बहुतेक एकच गेम वेगवेगळ्या वेगांत असत, पण सेल मात्र महिनोन्‌महिने पुरत.

आता सेल गेले आणि बॅटरी आली, तरी गणित तेच आहे. बॅटरीतली ऊर्जा वॅट-तासांत मोजतात. यंत्र किती वॅट ओढते त्याने तिला भागले की तास निघतात. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ साली आला तेव्हा त्यात ४० वॅट-तासांची बॅटरी होती. एखादा भव्य, झगमगीत गेम लावला तर सगळे यंत्र मिळून वीस-पंचवीस वॅट ओढते आणि दीड-दोन तासांत आपण चार्जर शोधू लागतो. साधा, सपाट चित्रांचा गेम लावला तर तीच बॅटरी चार-पाच तास चालते. कंपनी स्वतः "दोन ते आठ तास" असा ऐसपैस अंदाज देते, जो लग्नपत्रिकेवरच्या भोजनाच्या वेळेइतकाच भरवशाचा आहे. पुढच्या वर्षी असूसचा रॉग अ‍ॅलाय आला, तो भारतात रीतसर ६९,९९० रुपयांना मिळू लागला. त्याची बॅटरीही ४० वॅट-तासांचीच, पण डेकच्या पडद्यावर १० लाख २४ हजार ठिपके तर याच्यावर २० लाख ७३ हजार. दोन्ही पडदे सातच इंचांचे. गेम पूर्ण ठिपक्यांत चालवायचा तर प्रत्येक चित्रासाठी दुपटीचे काम करायचे, आणि ते ज्या डोळ्यांसाठी करायचे त्यांना चष्म्याशिवाय औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही. भाच्याला हे ठिपके दिसतात. मला दिसत नाहीत, आणि पैसे मी देणार आहे.

वजनाचा रकाना मात्र सगळ्यांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राची छोटी आवृत्ती स्विच लाइट २७५ ग्रॅम, स्विचचेच ओएलईडी मॉडेल (ओएलईडी हा पडद्याचा प्रकार) कंट्रोलरसह ४२० ग्रॅम, पहिला स्टीम डेक ६६९ ग्रॅम, लेनोव्होचा पहिला लीजन गो ८५४ ग्रॅम. हातातला खेळ माणूस बहुधा आडवा पडून खेळतो. पाऊण किलोचे यंत्र चेहऱ्यावर तोलून धरले आणि डुलकी लागली तर काय होईल, हे कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते.

पण या सगळ्याहून मी ज्याला अधिक किंमत देतो, ती गोष्ट जाहिरातीत सहसा सापडतच नाही. यंत्र झोपते कसे आणि उठते कसे? माझ्या वयाच्या माणसाला सलग दोन तास मिळत नाहीत. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला, मुलीचा क्लास सुटायची वाट बघतानाचा, लोकल सिग्नलला अडकलेली असतानाचा असा तुकड्यातुकड्यांचा वेळ मिळतो. घरच्या मोठ्या कन्सोलला किंवा कॉम्प्युटरला या वेळाचे काहीच करता येत नाही. तो सुरू होऊन, कंपन्यांची बोधचिन्हे दाखवून, नवे अपडेट उतरवून तयार होईपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. स्विचचे बटण दाबले की गेम जिथल्या तिथे गोठतो; पुन्हा दाबले की दोन-चार सेकंदांत, उडी मारलेला गडी अजून हवेतच असतो. स्टीम डेकलाही हे चांगले जमते. रॉग अ‍ॅलायसारख्या विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांची झोप मात्र पुष्कळदा सावध असते: पिशवीत ठेवलेले यंत्र मध्येच जागे होते, कसलेतरी अपडेट करत बसते, आणि आपण बाहेर काढतो तेव्हा ते गरम असते आणि बॅटरी गार झालेली असते. सत्तर हजारांच्या यंत्राने हे करावे आणि आपण त्याच्या चिपचे गोडवे गावेत, हे मला पटत नाही.

खरेदीचा व्यावहारिक भाग यानंतर येतो आणि तो फारसा रम्य नाही. निन्टेन्डो किंवा व्हॉल्व्ह यांची ही यंत्रे भारतात अधिकृतपणे विकली जात नाहीत, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर "साहेब, जपानचा पीस आहे, सीलपॅक" असे सांगून जे हातात दिले जाते त्याची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातले गेम निदान रुपयांत आणि वर्षातून चार वेळा घसघशीत सवलतीत मिळतात. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम सहसा स्वस्त होत नाहीत. पण त्यांची कॅसेट मिळते, आणि खेळून झाल्यावर ती दुसऱ्याला विकता येते. (लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून या नखाएवढ्या कॅसेटला डिनॅटोनियम बेंझोएट नावाचे महाकडू रसायन लावलेले असते. चव घेऊन बघणारे प्रौढ जगभर निघाले.) डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही. शिवाय निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस या आधीच्या यंत्राचे ऑनलाइन दुकान नव्या खरेदीसाठी बंदच केले. म्हणून कॅसेटचा खाचा असलेले यंत्र मला बरे वाटते, जरी स्विच टू या नव्या यंत्राच्या काही कॅसेटमध्ये आता गेम नसून फक्त तो डाउनलोड करण्याची परवानगी असते, हे कळल्यावर माझा उत्साह थोडा मावळला.

दोष सांगितल्याशिवाय पारख पूर्ण होत नाही. स्विचच्या सुट्या कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या ज्या दांड्या असतात त्यांच्याखाली कार्बनच्या पट्टीवर एक पत्ती घासत असते. ती झिजली की कोणी हात न लावताही गडी आपोआप डावीकडे चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० मध्ये या त्रासाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती. चुंबकावर चालणाऱ्या दांड्यांत अशी घासाघीस होत नाही, पण त्या मूळ यंत्रात मिळत नाहीत. स्विच लाइटमध्ये कंट्रोलर अंगचेच असल्यामुळे ड्रिफ्ट आला की सगळे यंत्र उघडावे लागते. ओएलईडीला नवी जोडी बाजूला सरकवून बसवली की झाले. त्यात लाइटचा पडदा साडेपाच इंचांचा आणि त्यावरची अक्षरे मुंगीएवढी. इथे वजनाने जिंकलेला लाइट माझ्या चष्म्यापुढे हरला.

तेव्हा ओएलईडी स्विच, वापरलेला, असे मी ठरवले आहे. बॅटरी गेमनुसार साडेचार ते नऊ तास चालते असे कंपनी म्हणते. त्यातले पाच मिळाले तरी माझे कित्येक दिवसांचे तुकडे भरून निघतील. भाचा हळहळला. "मामा, अरे त्यातली चिप मुळात २०१५ सालची आहे!" मी त्याला गेम बॉयची गोष्ट सांगितली, त्याने ती ऐकून घेतली आणि स्विच टूचा एक व्हिडिओ मला पाठवला. येत्या शनिवारी आम्ही दोघे मिळून जाणार आहोत. दांड्या सोडून दिल्यावर गडी जागच्या जागी उभा राहतो का, हे तो बघणार. मागचे तीनपाकळी स्क्रू कोणी आधी उघडलेले दिसतात का, हे मी बघणार, आणि पक्के बिल मागणार. कच्च्या बिलावर हजारभर कमी होतात असे दुकानदाराने फोनवर आधीच सुचवून ठेवले आहे.