शनी तिथून करतो तरी काय?

पत्रिका मांडता येते म्हटलं की लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, कुठेही हा प्रश्न येतो: एवढ्या लांबून शनी माझं काय करणार? त्याचे काही किरण-बिरण येतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी पत्रिका मांडते ती गणिताच्या आवडीने. भविष्य सांगत नाही. ज्योतिषाकडे विचारलंत तर बहुतेकदा तो चंद्राकडे वळतो. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, शरीरात सत्तर टक्के पाणी, मग परिणाम होणारच! अहो, भरती समुद्राला येते, गच्चीवरच्या टाकीला नाही. आणि ओढ लागलीच, तर शेजाऱ्यालाही तेवढीच लागेल. मग जन्मवेळ मिनिटापर्यंत कशाला हवी?

राहू-केतूंपुढे तर हा खुलासा टिकतच नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो, ते हे दोन बिंदू. त्यांना ना वजन, ना उजेड. तरी विंशोत्तरीत, म्हणजे आयुष्याची १२० वर्षं ग्रहांमध्ये वाटून देणाऱ्या पद्धतीत, राहूची महादशा (त्याच्या वाट्याचा काळ) १८ वर्षांची आणि सूर्याची अवघी ६! वजनावर दशा ठरत्या, तर सूर्याने बाकीच्यांना एक दिवससुद्धा मिळू दिला नसता.

जुन्यांचा विचार निराळा होता. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘लघुजातका’त म्हणतो की, मागच्या जन्मीच्या बऱ्यावाईट कर्माचं फळ हे शास्त्र दाखवतं, अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो तसं. म्हणजे शनी काही करतच नाही, केलेलं तुमचंच. (मग शनिवारी तेल कशासाठी घालायचं, हे मला अजून कोणी पटवलेलं नाही.)

दिवा म्हटला की तो लागतो का, हे बघता येतं. जयंत नारळीकरांनी २००८ साली ते बघितलं. सोबत नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या: कोणती कुठल्या गटातली, ओळखा. ५१ जण पुढे आले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. एवढा ढळढळीत फरक पत्रिकेत दिसत नसेल, तर नोकरीतली बढती त्यात दिसते यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

साडेसातीचं गणित मात्र सुरेख आहे. शनीला राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच. तुमच्या चंद्रराशीच्या (जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता तिच्या) मागची रास, तुमची आणि पुढची, मिळून साडेसात. बारांतल्या तीन राशींना ती कायम चालूच असते. आणि साडेसात वर्षांत एकही आजारपण, एकही भांडण झालं नाही असं घर मला दाखवा!

त्यात टिळक पंचांगाचा अयनांश (राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा, तो आकडा) इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी, म्हणून त्यांची मकर संक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीला. सूर्य चार अंश चार दिवसांत जातो. शनी महिन्याला सरासरी जेमतेम एक. म्हणजे एकाच माणसाची साडेसाती एका पंचांगात सुटलेली आणि दुसऱ्यात काही महिने शिल्लक. चंद्र राशीच्या काठावर असेल, तर रासच वेगळी. तेव्हा ती कधी सुटते एवढंच विचारायचं असेल, तर आधी घरात पंचांग कोणतं ते सांगा.