बाबांचं कानाचं मशीन आणि माझं एक्सेल

आधीच सांगते, मी कंजूष नाहीये. म्हणजे मला तरी तसं कधी वाटलं नव्हतं. लग्नाकार्यात आहेर नीट जातो, कामवाल्या ताईंना दिवाळीला पूर्ण महिन्याचा बोनस, लेकीच्या क्लासची फी एकरकमी. ऑफिसमध्ये (ऐरोलीला) तर नवीन मुलं एसआयपी सुरू करायच्या आधी माझ्याकडे येतात, ताई जरा बघा ना म्हणून. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये एका रात्री जेवताना नवरा आमटी वाढून घेत अगदी शांतपणे म्हणाला की "अगं हिला काटकसर नाही म्हणत, तू घाबरतेस," तेव्हा मला इतका राग आला की मी अर्ध्या ताटावरून उठले आणि भांडी घासत बसले. सकाळी ताई येणारच होत्या घासायला.

विषय होता बाबांच्या कानाच्या मशीनचा.

बाबा आमच्याकडेच असतात, आई गेल्यापासून. त्याआधी ठाण्यातच, चरईतल्या जुन्या घरी होते. ऐकू कमी येतंय हे आम्हाला आधी कळलं, त्यांना नाही, त्यांचं म्हणणं एकच, "मला येतं ऐकू, तुम्ही पुटपुटता." शेवटी जानेवारी २०२३ मध्ये गोखले रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये नेऊन टेस्ट करून घेतली. दोन्ही कान, ५५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे त्याहून हळू आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. तिथल्या मॅडम म्हणाल्या मशीन लावायला लागेल, आणि उशीर करू नका, जितके दिवस आवाज मेंदूपर्यंत पोचत नाहीत तितकी नंतर सवय व्हायला जड जाते. मी म्हटलं हो हो, बघते आणि कळवते.

आणि मी बघायला लागले.

एक्सेल उघडली. कानामागचं, कानाच्या आतलं, रिचार्जेबल, बॅटरीवालं, ४ चॅनल, ८ चॅनल, १६ चॅनल, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर कुठे. जोडीचे भाव २४ हजारापासून १ लाख ९० हजारापर्यंत. ठाणे झालं, मग मुलुंड, मग दादरचे कोटेशन. हिअरिंग एडवर जीएसटीच नाहीये हे कळलं तेव्हा मला खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं, एक कारण कमी झालं ना! ३१ ओळी झाल्या शीटमध्ये. लॅन्सेटचा २०२० चा रिपोर्ट आहे डिमेन्शियावर, त्यात ज्या १२ गोष्टींवर काहीतरी करता येतं म्हणून सांगितलंय त्यात कमी ऐकू येणं आहे, तेसुद्धा मी वाचलं, हायलाइट केलं, नवऱ्याला पाठवलं. मशीन मात्र घेतलं नाही. पैसे होते हां. एफडीत होते, बाबांचे स्वतःचे वेगळे होते. अडचण कसलीच नव्हती, आणि हेच मला आता लिहिताना पण लाजिरवाणं वाटतंय.

मधल्या काळात आम्ही त्यांना गडकरीला नाटकाला घेऊन गेलो. बाबांना गडकरी रंगायतनचं फार कौतुक, १९७८ ला सुरू झालं तेव्हापासून आई आणि ते नियमाने जायचे. मी तिकिटं काढली बाल्कनीची, कारण खालच्यापेक्षा स्वस्त. बरं, माणसाला ऐकू येत नाही हे मला माहीत, टेस्ट माझ्यासमोर झालेली, आणि मी त्याला बाल्कनीत बसवला. विनोदी नाटक होतं. पहिल्या अंकात माझ्या लक्षात आलं की सगळं थिएटर हसलं की बाबा आधी आमच्याकडे बघतात, आम्ही हसतोय असं दिसलं की मग हसतात. एक सेकंद उशिरा. प्रत्येक वेळी. मध्यंतरात बटाटेवडा खाताना मी विचारलं, बाबा कळतंय ना, तर म्हणाले "मस्त आहे नाटक."

तुम्हाला वाटेल दुसऱ्या दिवशी जाऊन मशीन घेतलं असेल. नाही. त्या रात्री घरी येऊन मी शीटमध्ये अजून एक कॉलम टाकला.

नोव्हेंबरात दिवाळी पहाटेला तलावपाळीला गेलो, तिथेही तेच, गाणं चालू आणि हे मान डोलावतायत पण ताल भलताच. ते जाऊ दे.

आता मी अशी का, याचं सरळ उत्तर आहे माझ्याकडे, वागळे इस्टेट. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये तिथून झाली, आणि आमच्या लहानपणी ठाण्यातल्या निम्म्या बाबालोकांची ड्युटी तिकडेच असायची. माझ्या बाबांची कंपनी १९९६ ला बंद पडली. मी चौदा वर्षांची. हिशोबाचे पैसे मिळायला कितीतरी वर्षं गेली. आई चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायची, आणि एक लांब वही होती तिची, त्यात कोथिंबीर ५० पैसे इथपासून सगळं लिहिलेलं. त्या वर्षी शाळेची पिकनिक होती, सव्वाशे रुपये. मी घरी येऊन विचारायच्या आधीच सांगून टाकलं की मला नाही जायचंय, बोअर असतं. आई काही बोलली नाही, फक्त पाठीवरून हात फिरवला. तो हात मला आजपण आठवतो. नको म्हटलं की आपण शहाणे ठरतो, हे माझ्या डोक्यात तिथे बसलं ते बसलंच, नंतर नोकरी लागली, नवऱ्याचा पगार वाढला, लोन फिटलं, पण ते काही हललं नाही.

त्यात बाबांनी शिकवलेलं पण तेव्हाचं गणित. पीपीएफ म्हणजे १२ टक्के, ते होते जानेवारी २००० पर्यंत, तेव्हा पैसे न हलवता नुसते ठेवले तरी बरे वाढायचे. आता एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे आणि मी अजून मनातल्या मनात बाराचीच गणितं करते.

बाकी माझे प्रताप सांगायचे तर यादी मोठी आहे. एसी लोकलचं सिंगल तिकीट मे २०२२ मध्ये निम्म्यावर आणलं, तरी मी कधी सीएसएमटीला जायचं झालं तर भर उन्हाळ्यात साध्या गाडीला लटकते, आणि उतरल्यावर डोकं दुखलं म्हणून गोळी घेते. यूपीआय आल्यापासून लोकांना म्हणे पैसे गेलेले कळतच नाहीत. मला कळतात! बँकेचा मेसेज टुण्ण करून आला की पोटात खड्डा पडतो, मग ते ४० रुपये पार्किंगचे का असेनात.

हे पोटात खड्डा पडणं खरंच असतं बरं का. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकेतल्या तिघांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापलाय, १३ हजारांवर लोकांना प्रश्न विचारून. त्यांचं म्हणणं असं की काटकसरी माणूस वेगळा आणि ज्याचा हात खिशात जातच नाही तो वेगळा. काटकसरी माणसाला वाचवण्यात मजा येते, आणि या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पैसे देताना दुखतं. त्यात एक प्रयोग आहे तो वाचून मी हसले, एकाला सांगितलं ५ डॉलर फी, दुसऱ्याला सांगितलं छोटीशी ५ डॉलर फी, रक्कम तीच, आणि नुसत्या त्या 'छोटीशी'मुळे आमच्यासारखी दुखणारी माणसं पैसे द्यायला जास्त तयार झाली. जे उडवे असतात त्यांना काही फरकच पडला नाही.

तो फरक वाचला आणि मला आईच आठवली. आई काटकसरी होती. जांभळी नाक्यावर पाच दुकानं फिरून, घासाघीस करून घ्यायची, पण एकदा घेतलं की विषय संपला, येताना उसाचा रस प्यायचो आम्ही दोघी. आणि १९९७ मध्ये, घरात पगार नाही, चकल्यांवर चाललंय, तेव्हा बाबांचा चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवीन चष्मा बाबांच्या नाकावर. मी विचारलं एवढे पैसे, तर आई म्हणाली "माणसाला दिसायला नको?"

एक दिवस लागला तिला. मला चौदा महिने. आणि माझ्याकडे तर पगार होता.

हे मी भांडी घासून झाल्यावर रात्री नवऱ्याला सांगितलं नाही, उगाच जिंकला असता. पण झोप नाही लागली. कौन्सेलरकडे जावं वाटलं आणि ताबडतोब फी डोळ्यासमोर आली, म्हणजे बघा. मग सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, ती फुकट आहे म्हणून तिथे फोन केला. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. मराठीत बोलायची सोय आहे, पलीकडच्या बाईंनी फार काही उपदेश केला नाही, फक्त विचारलं, "किती पैसे साठले की तुम्ही हे मशीन घ्याल?" मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि आकडाच नव्हता. वाट बघायला काहीतरी आकडा लागतो ना, मी नुसतीच थांबले होते.

नंतर बरंच वाचलं (वाचायला पैसे पडत नाहीत). डॉक्टर लोकांच्या निदानाच्या पुस्तकात एका स्वभावदोषाच्या लक्षणांत चक्क लिहिलंय की स्वतःवर आणि दुसऱ्यांवरही हात आखडून खर्च करणं, पैसा म्हणजे पुढच्या संकटासाठी दाबून ठेवायची वस्तू. ते एक लक्षण असलं म्हणजे तो आजार झाला असं नाही, बाकीची बरीच लागतात, आणि मला कोणी निदान वगैरे दिलेलं नाही. पण 'दुसऱ्यांवरही' हा शब्द मला टोचला. स्वतः लटकत जा ना सीएसएमटीला, बाबांना का बाल्कनीत बसवलंस?

तर मशीन घेतलं. सहाव्या ओळीतलं, ६२ हजारांची जोडी. म्हणजे शीट बनवल्याच्या पहिल्या आठवड्यातच ते माझ्यासमोर होतं. क्लिनिकच्या मॅडमनी सहज हिशोब केला, पाच वर्षं धरली तर दिवसाला फक्त ३४ रुपये, दोन वडापाव पण येत नाहीत. 'फक्त' म्हणाल्या बरं का. चालला माझ्यावर तोच उपाय. तरी पिन पहिल्यांदा चुकीचा टाकला, हाताला घाम आला होता, आणि बाबा शेजारी बसून "कशाला एवढा खर्च, राहू दे" चालूच. कोणाचं रक्त आहे ते कळतं.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? तेच मॉडेल शोधलं. एका ठिकाणी साडेतीन हजाराने स्वस्त होतं. तीन दिवस माझं डोकं त्या साडेतीन हजारात अडकलं होतं, आणि त्याच तीन दिवसांत बाबा माझ्या लेकीशी फोनवर बोलले, दूधवाल्याशी भांडले, बातम्यांचा आवाज कमी करा म्हणाले. माझ्या घरात हे सगळं चाललं होतं आणि मी साडेतीन हजार मोजत होते. आता नियम केलाय, तीन कोटेशन, दहा दिवस, आणि घेतल्यावर परत भाव बघायचा नाही. पहिले दोन पाळते. तिसरा जमत नाहीये.

बाबांचं वेगळंच. त्या मशीनला ३१२ नंबरची छोटी बटणासारखी बॅटरी लागते, तिच्यावर चॉकलेटी स्टिकर असतो. स्टिकर काढला की आत हवा जाते आणि बॅटरी सुरू होते, मग तुम्ही वापरा नाहीतर ठेवून द्या, आठवडाभराने ती संपणारच. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर बाबा लाइट लावून बसलेले, मशीनमधून बॅटरी काढलेली, आणि जुना स्टिकर नखाने सरळ करून तिच्यावर परत चिकटवत होते. मला बघून म्हणाले "झोपेत कशाला जाळायची." मी सांगितलं बाबा, एकदा हवा लागली की परत चिकटवून काही उपयोग नाही, रात्री नुसतं झाकण उघडं ठेवा मशीनचं, बास. त्यांनी ऐकून घेतलं. (ऐकू येतं आता.) तरी डबीच्या झाकणाला आतून चार-पाच स्टिकर जपून लावलेले आहेत, मी काही बोलत नाही.

परवा दुपारी हॉलमध्ये पेपर वाचताना मान वर करून म्हणाले, "हा पंखा केवढा वाजतोय गं! कधीपासून?"

मी म्हटलं, दोन वर्षं झाली बाबा, बेअरिंग गेलंय.

"मग बदलला का नाहीस?"

स्वयंपाकघरातून नवरा इतका जोरात हसला की बाबांनी मशीनचा आवाज कमी केला. पंख्याची दोन कोटेशन आली आहेत, तिसरं उद्या येईल.