गुहेतली तिसरी रात्र

सोमवार, रात्री पावणेबारा

आज पुन्हा त्याच गुहेत सगळे मेले. सलग तिसरी रात्र.

लातूरचा मे महिना. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं तरी हवा गरमच येतेय, आणि टँकर परवा येणार म्हणून तिसरी बादली ओतायला हात धजावत नाही. आई बाहेरच्या खोलीत झोपलीय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याला टेकून क्लासच्या पोरांसाठी मी काढतेय तो रविवारच्या टेस्टचा अर्धवट पेपर.

गेम म्हणजे 'पाथफाइंडर: किंगमेकर'. 2018 च्या सप्टेंबरमध्ये आलेला, तसा जुनाच. माझ्याकडे राहून अकरावी केलेल्या भाच्यानं सुट्टीला परळीला जाताना घालून दिला. सहा जणांची टोळी घेऊन एका उजाड मुलखात शिरायचं, स्टॅग लॉर्ड नावाच्या डाकूंच्या सरदाराला तीन महिन्यांत संपवायचं, आणि मग तो मुलूख आपला. मुलूख मिळाल्यावर राज्यही चालवायचं असतं म्हणे. मी अजून सुरुवातीच्याच व्यापारी ठाण्याच्या आसपास घुटमळतेय.

ठाण्यावर बोकन नावाचा एक विक्षिप्त म्हातारा आहे, औषधं-रसायनं करणारा. त्याला फँगबेरी नावाची फळं हवीत, ती एका गुहेत मिळतात. काम साधं वाटलं. आत गेले तर कोळ्यांचा थवा. एक मोठा कोळी नव्हे, हजारो बारके. माझ्या टोळीतल्या व्हॅलरीनं ढाल पुढे केली, अमिरीनं ती अवजड तलवार फिरवली आणि काहीच झालं नाही. पुन्हा वार, पुन्हा काही नाही. थवा अंगावर चढला, एकेकाला मळमळून यायला लागलं, हात चालेनात. लिंझी पडली, हॅरिम पडला, शेवटी माझं स्वतःचं पात्र, ती तलवारवाली. दीड मिनिट लागलं असेल जेमतेम.

हरण्याचं मला एवढं वाटत नाही. पण तलवार तीच, वार तेच, बाहेर त्यानंच डाकू पडत होते आणि या गुहेत काहीच होत नाही. यात मी नेमकं काय चुकले, हे मला कुणी सांगायला तयार नव्हतं.

मंगळवार

भाच्याला फोन केला. आधी सगळं ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणाला, "मावशी, तू नुसतं क्लिक करायलीस. खालचा लॉग वाच की गं."

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक पाटी असते. कुणी कुणावर वार केला, फासा किती पडला, किती हवा होता, सगळं तिथं येतं. मी ती तीन दिवसांत एकदाही उघडून वाचली नव्हती. वाचली. थव्याला शस्त्रानं इजाच होत नाही, असा नियम आहे. तलवारीनं मुंग्यांचं वारूळ मारायला जावं तसं. मोठ्या जागेवर पसरणारी आग टाकली तर मात्र थव्याला दीडपट लागतं. म्हणजे आगीच्या कुप्या फेकायच्या, किंवा हातातून ज्वाळा काढणारा जादूगार सोबत हवा. तो माझ्या टोळीत नव्हता. कुप्या घेतल्या. चौथ्या खेपेला थवा पाच फेऱ्यांत संपला.

आनंद झाला, नाही कसं म्हणू. पण रागही गेला नाही. नियम चांगलाच आहे. हजार कोळ्यांवर तलवार चालू नये हे कुणालाही पटेल. प्रश्न जागेचा आहे. खेळाच्या इतक्या सुरुवातीला, खेळणाऱ्याला आपल्या सहा जणांची नावं धड पाठ नाहीत, तेव्हा असा नियम पुढ्यात टाकायचा, तर त्याच्या अलीकडे एखादी खूण हवी. वाटेत एखादा जळका कोळी दिसावा, कुणीतरी बोलता बोलता सांगावं. याच खेळात पुढे ट्रोल नावाचे राक्षस आहेत, आग किंवा आम्ल लावल्याशिवाय ते मरून राहत नाहीत. पण ट्रोलला आगीची भीती, हे कथा-कहाण्यांतून निदान कानावर तरी असतं. कोळ्यांच्या थव्याचं कुणाच्या कानावर असणार? भाचा म्हणतो, गेम आला तेव्हा याच गुहेवरून खेळणाऱ्यांनी लई ओरड केली होती. आश्चर्य वाटलं नाही.

बुधवार, दुपारी, क्लासच्या स्टाफरूममध्ये

फासा वीस बाजूंचा. वार करताना फाशाचा आकडा, त्यात आपली हल्ल्याची ताकद मिळवायची, आणि बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्याला पोचली की वार लागला. सगळा खेळ याच्यावर उभा आहे, कारण तो मुळात टेबलाभोवती बसून खेळायच्या 'पाथफाइंडर'वरून बेतलाय.

तासांच्या मधल्या वेळेत वहीत मांडून पाहिलं. समजा अमिरीची ताकद 8 आणि समोरच्याचा बचाव 24. फासा 16 किंवा वर हवा. वीसपैकी पाच बाजू, 25 टक्के. नीटच्या पेपरात चारपैकी एका पर्यायावर डोळे मिटून खूण केली तरी बरोबर यायची शक्यता एवढीच असते. म्हणजे इतके दिवस माझी टोळी प्रत्येक प्रश्नाला अंदाजे उत्तर देत होती. सलग सहा वार वाया जाण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. पाच-सहा लढायांत साधारण एकदा हे होतं, आणि झालं की वाटतं गेमच खोटं खेळतोय.

आता लिंझीला गायला लावा, अधिक 1. हॅरिमचा आशीर्वाद, अधिक 1. शत्रूला दोघांनी मिळून घेरलं, अधिक 2. आता 12 पडले तरी पुरे. नऊ बाजू, 45 टक्के. सलग सहा वार वाया जाण्याची शक्यता 3 टक्क्यांच्याही आत येते. चार गुणांची ही चिल्लर मी इतके दिवस हातात घेतलीच नव्हती. वाटायचं, एका गुणानं काय होतंय. पाच बाजूंच्या नऊ झाल्या, म्हणजे वार जवळपास दुप्पट लागायला लागले. बचाव जितका उंच, तितका एकेक गुण महाग. हे कळलं त्या क्षणी मला हा खेळ मनापासून आवडायला लागला, हे इथं लिहून ठेवते.

शेजारच्या सरांनी विचारलं, कसलं गणित मांडायलाव मॅडम? सांगितलं. ते म्हणाले, पोरांना शिकवा की हे, संभाव्यता. खरंच शिकवीन.

गुरुवार

संध्याकाळी वळीव आला. अर्धा तास धुळीचं वादळ, मग टपोरे थेंब, मग लाईट गेली ती साडेदहाला आली. लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. पाऊण तासाचा खेळ गेला. गच्चीवर आईसोबत ओल्या मातीच्या वासात बसले. खेळाचं काही नाही आज.

शुक्रवार, रात्र

आज प्रयोग केला, अगदी प्रयोगशाळेत करतात तसा.

या गेममध्ये काठिण्याच्या पायऱ्या आहेत: स्टोरी, ईझी, नॉर्मल, चॅलेंजिंग, हार्ड, आणि सगळ्यात वर अनफेअर. अन्यायकारक, असं करणाऱ्यांनीच नाव दिलंय. त्याशिवाय एकेक गोष्ट सुटी करूनही बदलता येते, आणि खेळ सुरू असतानाच. शत्रूंचे ताकद-बचावाचे आकडे वेगळे, आपल्या टोळीला होणारी इजा वेगळी, पडलेला सोबती सावरायच्या आत पुन्हा पडला तर मरावा की नाही हेही वेगळं.

एक लढाई धरली. जंगलातला डाकूंचा तळ, मला दोनदा लोळवलेला. तिथं सेव्ह करून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच.

आधी फक्त इजा कमी केली. सगळे जगले. पण लढाई लांबत गेली, लांबत गेली. त्यांचे वार आम्हाला लागत होते पण झोंबत नव्हते, आमचे वार लागतच नव्हते. जिंकले, आणि लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला. मग इजा पुन्हा पूर्ववत केली आणि शत्रूंचे आकडे एक पायरी उतरवले. आता आमचे वार लागायला लागले. त्यांचेही लागत होतेच. व्हॅलरी पडली, लिंझी पडली, शेवटी मी आणि हॅरिम दोघंच उभे. दुसऱ्यांदा खेळले तेव्हा तर हरले. तरीही लगेच तिसऱ्यांदा सुरू केलं, पाणी प्यायलाही न उठता.

उलटसुलट तीनेकदा करून पाहिलं. दरवेळी तेच. मरण्यानं मला खेळातून उठावंसं वाटत नाही. हात चालवतेय आणि समोर ओरखडाही उमटत नाही, यानं उठावंसं वाटतं. मी ज्याला 'फार अवघड आहे' म्हणत होते ते बहुतेक वेळा अवघड नव्हतंच, पालथ्या घड्यावरचं पाणी होतं.

लढाया मध्ये थांबवत खेळण्याऐवजी पाळीपाळीनं खेळायची सोयही आता चालू केलीय, 2020 च्या ऑगस्टमध्ये आलेली. एकेकाची पाळी, एकेक फासा. वेळ जास्त जातो, पण काय झालं ते डोळ्यांना दिसतं. सहा जणांची झटापट एकदम चालू असते तेव्हा कुठला वार कशानं हुकला हे कुणाला कळणार?

एक तक्रार मात्र राहतेच. प्रत्येक मोठ्या लढाईआधी आशीर्वाद, कवच, ताकद असे आठ-दहा मंत्र एकामागून एक टाकायचे. त्यात डोकं लागत नाही, नुसतं बोट लागतं. मंत्र संपले की मुक्काम करायचा, मुक्कामाला शिधा आणि वेळ, आणि तिकडे तीन महिन्यांची मुदत सरतेय. या तिन्हींचा मेळ कुणीतरी नीट विचार करून घातलाय हे दिसतं. फक्त मंत्रांचा तो कंटाळा काठिण्य म्हणून खपवू नये.

शनिवार

पेपर संपवायला बसले आणि बसूनच राहिले.

उन्हाळी बॅचची पहिली टेस्ट मी तीन आठवड्यांपूर्वी काढली होती. फिजिक्सचे 45 प्रश्न, 180 गुण, बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. आमच्या क्लासचा रिवाज असा की पहिला पेपर मुद्दाम कडक काढायचा, म्हणजे पोरं जमिनीवर येतात. मीही काढला. चांगला कडक काढला, आणि तेव्हा त्याचा मला अभिमान होता.

औसा तालुक्यातल्या एका गावाहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी आहे. तिनं 14 प्रश्न सोडवले, 31 कोरे. पाच बरोबर, नऊ चूक, गुण 11. त्याआधी तासाला दोन-तीनदा हात वर करणारी पोर. नंतर तिचा हात वर आलेला मला आठवत नाही. मी धरून चालले होते की कमी गुणांचं दुःख आहे, निवळेल. आज तिची उत्तरपत्रिका काढून पाहिली. 31 कोऱ्या गोलांकडे किती तरी वेळ बघत बसले. तीन तास तिनं तलवार फिरवली होती. आणि कुठला वार कशानं हुकला, हे सांगणारी बारीक अक्षरांची पाटीसुद्धा मी तिला दिली नव्हती. एक आकडा दिला, 11, आणि गुणानुक्रमाची यादी भिंतीवर लावली.

टेबलाभोवती खेळतात तेव्हा खेळ चालवणारा माणूस समोरच्यांचे चेहरे बघत असतो. कुणी हिरमुसलं की तो गोष्टीला थोडं वळण देतो. कॉम्प्युटरला ते जमत नाही, त्याची त्यात चूक नाही. पण मी तर रोज त्या पोरांच्या समोर उभी असते.

पेपर सोपा केला नाही. ती मुलं उद्या ज्या परीक्षेला बसणार ती कुणासाठी सोपी होणार नाही. प्रश्न जोडीनं मांडले. आधी विचारलं, घर्षणाची दिशा कुठली? मग त्याच आकृतीवर, प्रवेग किती? आधीचं आलं नाही तर पुढचं का आलं नाही ते पोराला स्वतःलाच दिसेल. असे बारा जोडप्रश्न बसवताना रात्रीचे दोन वाजले. गेम उघडला नाही.

रविवार, संध्याकाळ

टेस्ट झाली, तपासलीही. त्या मुलीनं 33 सोडवले. 17 बरोबर, 16 चूक, 52 गुण. वर्गात अजून खालून चौथी.

मी वह्या आवरत होते तेव्हा दारात येऊन थांबली. पेपर घडी करून हातात. "मॅडम, एक विचारू का?" ठोकळ्यावर ठोकळा ठेवलाय, खालचा ओढतोय. वरच्या ठोकळ्यावरचं घर्षण पुढच्या दिशेला कसं? घर्षण तर विरोध करतं ना?

डस्टर खाली ठेवला, कंपासपेटीवर खोडरबर ठेवला आणि पेटी हळूच ओढली. कशाला विरोध करतं ते बघ म्हटलं. रबर पेटीवरून मागं घसरायला बघतोय, त्या घसरण्याला. ती वाकून बघत राहिली. मग तिनं स्वतः पेटी ओढली, आधी हळू, मग झटक्यानं, आणि रबर मागे पडला. "आता कमी पडलं घर्षण," ती म्हणाली. तिची एसटी सव्वासहाची होती, ती चुकली, पुढच्या गाडीनं गेली.

रात्री भाच्याचा फोन. स्टॅग लॉर्डपर्यंत पोचलीस का? म्हटलं नाही, अजून 23 दिवस आहेत हातात. आज त्याच्या गढीच्या बाहेरच मुक्काम टाकलाय.