सातवा कागद: इडलीची गाडी सापडली, आता सहा कागद पुन्हा

सोलापूरच्या खाण्याचा नकाशा मी पेठेप्रमाणे एकेका कागदावर हातानं काढते आहे. सापडली! शहराच्या पूर्व भागातल्या ज्या इडलीच्या गाडीनं दोन महिने माझा सातवा कागद अडवून धरला होता, ती गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सापडली. चार इडल्या उभ्यानं खाल्ल्या, आणखी दोन मागून घेतल्या, आणि तिथंच एका ओट्यावर बसून नोंदवही उघडली. आनंद झालाच, पण त्याच ओट्यावर हेही कळलं की आधीचे सहा कागद मला पुन्हा काढावे लागणार.

प्रमाण आधीचंच आहे. १ सेंटीमीटर म्हणजे २० मीटर, माझी १०० पावलं म्हणजे ७२ मीटर. मोबाइलवरच्या नकाशाची रेघ साखर पेठेच्या पुढच्या अरुंद गल्ल्यांत अजूनही छपरांवरून उड्या मारते. म्हणून मोजणी पावलांनीच चालू आहे, भाचा मोजतो आणि मी लिहिते. पावलं मोजण्यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी कन्ना चौकाच्या आसपास एकदा दोन्ही करून पाहावं. पावलं चुकली तरी पाच-सात मीटरनं चुकतात. मोबाइलनं मला एकदा सरळ एका कारखान्याच्या आत, कापड विणायच्या मागांच्या मधोमध उभं केलं होतं.

आता गाडीबद्दल. पहिल्यांदा तिच्याविषयी ऐकलं ते दिवाळीच्या आधी. कन्ना चौकाकडे जाताना डाव्या हाताच्या गल्लीत, वाफाळलेली इडली आणि शेंगदाण्याची लालसर पातळ चटणी. रविवारी गेले, तर गाडी नाही. गल्लीतल्या एका बाईंनी सांगितलं, "इथंच असती की ओ." मी ठिपका दिला. पुढच्या रविवारीही नाही, आणि आणखी एकानं पुढच्या चौकातली जागा दाखवली. ठिपका खोडला, नवा दिला. तिसऱ्या रविवारी तिथंही कुणी नव्हतं. चौथ्या खेपेला संध्याकाळी जाऊन पाहिलं. तोवर कागदाच्या त्या जागेवर इतकं खोडलं होतं की कागदाचे तंतू वर आले. शाई तिथं पसरायला लागली आणि साखर पेठेची एक अख्खी गल्ली काळ्या डागाखाली गेली. पाच दिवसांचं काम होतं ते. त्या रात्री कागद फाडायला निघाले होते, घरच्यांनी काढून घेतला.

माझी सारी धडपड एका ठिपक्यासाठी होती. गाडी म्हणजे जागा, जागा म्हणजे ठिपका, एवढंच डोक्यात होतं. कोडं सुटलं ते एका म्हाताऱ्या विणकर काकांमुळे. चौथ्या खेपेला ते ओट्यावर बसले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही रविवारीच येता काय? ह्या गल्लीतले माग रविवारी बंद असतात. मागच नाहीत तर गाडी कशाला येईल?" मग त्यांनी बोटानं हवेत रेघ ओढली: रात्रपाळी सुटते तेव्हा गाडी या तोंडाला, दिवसपाळी आत गेली की त्या बोळाकडे.

म्हणून गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. अंधार नीट फिटला नव्हता. गल्लीत शिरायच्या आधीच माग ऐकू आले. धोट्याचा तो खडाक-खडाक आवाज दहा-बारा मागांचा एकत्र आला की पायाखालच्या फरशीतून जाणवतो. रविवारी याच गल्लीत मी चार वेळा उभी राहिले होते आणि शांत, छान गल्ली म्हणून नोंद केली होती. कोपऱ्यावर गाडी. जर्मनचा मोठा डबा, झाकणाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्याच्या कडेनं निघणारी वाफ दिव्याच्या उजेडात दिसत होती. अण्णा इडल्या काढत होते, अक्का चटणी वाढत होत्या. दोघं आपसांत तेलुगूत बोलत होते, माझ्याशी मराठीत, आणि सूत घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याशी कानडीत. एका ताटलीभोवती तीन भाषा, त्यातलं काही कुणाला विशेष वाटत नव्हतं. रात्रपाळीची माणसं बाहेर आली तेव्हा त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली होती. तोंड धुऊन ती थेट गाडीशी आली. इडलीचं पीठ थोडं जाडसर, चटणीत लसूण पुढे. मला आवडली. शहरातल्या हॉटेलांतल्या पांढऱ्या चटणीपेक्षा ही माझ्या जिभेला कितीतरी जवळची आहे, कारण तिच्यात सोलापूरची शेंग आहे.

सात वाजून पन्नास मिनिटांनी अण्णांनी चाकाखालची वीट काढली. विचारून आम्ही मागोमाग गेलो. भाच्यानं मोजलं: ३४० पावलं, म्हणजे साधारण २४५ मीटर, कागदावर सव्वाबारा सेंटीमीटर. दुसरा थांबा एका चाळीच्या तोंडाशी. तिथं बायका सुताच्या कांड्या भरायचं काम थांबवून पोरांसाठी डबे घेऊन येतात. सव्वानऊला गाडी तिथूनही हलली. मला कामावर जायचं होतं, म्हणून तिसरा थांबा राहिला. कागदावर आता ठिपक्याऐवजी रेघ आहे, रेघेच्या दोन टोकांना वेळा आहेत, आणि शेवटचा तुकडा तुटक ठेवला आहे.

बसमध्ये बसल्यावर खरी गोष्ट लक्षात आली. मी नोकरी करते, त्यामुळे फिरते फक्त रविवारी. म्हणजे सहाही कागदांवर मी जे काढलंय ते रविवारचं सोलापूर आहे. जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली तेव्हापासून ज्या शहराचं खाणं-पिणं पाळीच्या वेळांवर चाललं, त्याचा नकाशा मी पाळी बंद असलेल्या दिवशी काढत होते. तिसऱ्या कागदावरची भज्यांची गाडी, चौथ्यावरचा चहा, सगळंच तपासावं लागेल.

बाळीवेसमधल्या कडक भाकरीच्या आजींची नोंद मी पक्क्या शाईनं केली होती, कारण त्यांचं घर हलत नाही. शनिवारी मुद्दाम दुपारी गेले. सकाळी तिथं फक्त भाकऱ्यांची चळत मिळते, पापडासारखी पातळ, मंद आचेवर कोरडी केलेली, बोटानं दाबली की कट्कन मोडणारी. दुपारी तीनला आजी उखळ पुढे घेतात. भाजलेल्या शेंगदाण्यांवर लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि मग मुसळ. पहिली काही मिनिटं नुसता कोरडा भरडा. मग आवाज बदलतो, ठक्-ठकचा भप्-भप होतो, आणि उखळाच्या कडेला तेल चमकायला लागतं. वरून तेलाचा थेंब नाही, सगळं दाण्यातलंच. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेचतं. ज्यांना मिक्सरची चटणी चालते त्यांच्याशी मी भांडणार नाही, पण ती शेंगा चटणी म्हणून माझ्या नकाशावर येणार नाही. त्या गोळ्यातला चिमूटभर भाग गरम असतानाच आजींनी तळहातावर ठेवला. मालदांडी ज्वारीची भाकरी आणि ती चटणी, एवढ्यासाठी त्या ठिपक्याला दुपारी तीनची वेळ लावली आहे.

म्हणून सहा कागद पेठेप्रमाणे पुन्हा काढायचे नाहीत, हे लिहिता लिहिता ठरतंय. खाली एकच मोठा पाया करायचा. जे हलत नाही ते त्यावर: भुईकोट किल्ला आणि त्याची बहामनी काळातली दुहेरी तटबंदी, शेजारी सिद्धेश्वराचं तळं आणि मंदिर, होम मैदान, इंद्रभुवन, चार हुतात्म्यांचा पुतळा, भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक. त्यावर ट्रेसिंग पेपरचे थर: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ. खाणं सगळं थरांवर. पहाटेचा थर पायावर ठेवला की अण्णांची रेघ उमटेल, काढला की पुसली जाईल, खोडरबर न लावता.

ट्रेसिंग पेपर घेताना ९० जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) खाली जाऊ नका. नव्या पेठेतल्या एका दुकानानं मला पातळ कागद चांगला म्हणून दिला होता, शाई लावताच त्याला सुरकुत्या पडल्या. जाड कागद मला एका जुन्या नकाशे-छपाईवाल्याकडे मिळाला, वाया गेलेल्या गुंडाळीचा उरलेला तुकडा, अर्ध्या किमतीत. पेन ०.३ मिलिमीटरचं, पाण्यानं न पसरणारं. शेंगा चटणीच्या तेलाचा डाग मात्र कुठल्याच कागदावरून जात नाही. आता दोन नोंदवह्या ठेवते, एक खातानाची आणि एक घरची.

थर म्हटल्यावर जानेवारी आठवला. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार चढतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याच सुमारास सिद्धेश्वराची यात्रा येते. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता. मग गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, आणि होम मैदानाभोवतीच्या साऱ्या गाड्यांच्या जागा बदलतात. या तीन-चार दिवसांचा वेगळा थर हवाच. आणि ६८ लिंगांची ती वाट म्हणजे या शहराचा पायी काढलेला सगळ्यात जुना नकाशा आहे, हे मला इतके दिवस सुचलं कसं नाही? पाया काढायला सुरुवात किल्ल्यापासून करणार होते. आता नाही. आधी ती वाट टाकायची, मग बाकीचं तिच्याभोवती. पावलं मोजायला भाचा तयार आहे, फक्त त्या गर्दीत नाही. म्हणून यात्रेच्या आधी दोनदा तरी ती वाट मोकळी चालून घ्यावी लागेल.

त्याआधी मंगळवारची सुट्टी मंजूर झाली आहे. जोडभावी पेठेचा बाजार भरतो त्या दिवशी गाडी तिसऱ्या थांब्याला जात नाही, सरळ बाजारात जाते, असं अक्का म्हणाल्या. साडेसहाला कोपऱ्यावर उभी राहणार आहे. तुटक रेघेचा तुकडा जिथं जाईल तिथं.