चिवितावेक्किया ते रोम : एका दिवसाच्या रेल्वे पासावर

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या कार्यक्रमात एका दिवसापुढे 'रोम' असं छापलेलं असतं. जहाज लागतं मात्र चिवितावेक्कियाला. तिथून रोम रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून विरारच्याही बरंच पुढे. हल्ली पुण्या-मुंबईकडून आणि आखातातून बरीच मराठी मंडळी या क्रूझवर जातात आणि घाबरून जहाजाचीच बस घेतात. जहाजाच्या बसला एका माणसामागे जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात चौघांचं कुटुंब बहुतेक वेळा गाडीने रोमला जाऊन येतं. शिवाय दिवस आपल्या हातात राहतो. पण पास कुठे घ्यायचा, त्यावर काय लिहायचं आणि कुठल्या गाडीत तो चालत नाही, हे निघण्याआधी नीट माहीत हवं.

रोम आणि चिवितावेक्किया ज्यात येतात त्या लात्सियो प्रांताचा हा एकत्रित दैनिक पास. तिथे सगळे त्याला 'बिर्ग' म्हणतात. दर झोननुसार ठरतो. चिवितावेक्किया ते रोमसाठी पाच झोनचा पास लागतो आणि तो १२ युरोंना मिळतो. यात जाता-येताची प्रादेशिक रेल्वे आली, रोममधली मेट्रो, बस आणि ट्राम आली, प्रांतभर धावणाऱ्या कोत्रालच्या बसही आल्या. मुदत मध्यरात्रीपर्यंत असते, शिक्का मारल्यापासून २४ तास नव्हे. जहाजाच्या प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. रोममध्ये मुक्काम करणाऱ्याने मात्र ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता हिशेब. चिवितावेक्किया ते रोम एकेरी तिकीट पाच युरोंच्या आसपास पडतं. रोममधलं साधं तिकीट दीड युरोचं. ते १०० मिनिटं चालतं आणि त्यात मेट्रोत एकदाच शिरता येतं. म्हणजे दोन्हीकडची रेल्वे आणि शहरात दोनदा बस किंवा मेट्रो एवढं धरलं तरी बारा युरो होतातच. पासाने फार पैसे वाचतात असं नाही. वाचतो तो वेळ. परतीच्या तिकिटासाठी तेर्मिनीच्या, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनावरच्या, मशीनपुढे रांग लावावी लागत नाही, मेट्रोच्या प्रत्येक दारावर सुटे शोधावे लागत नाहीत, बस भरून आली तर खिशातला पास दाखवून दुसरी वाट धरता येते. हातात सहा-सात तास असताना ही सोय मोलाची आहे.

पास घेऊ नये असेही दोन प्रसंग आहेत. फक्त व्हॅटिकन बघून परत यायचं असेल तर सान पिएत्रो स्टेशनावर उतरून सगळं पायी होतं. तिथे साधं परतीचं तिकीट पुरे. दुसरा प्रसंग मुलांचा. ४ ते १२ वर्षांच्या मुलांना रेल्वेचं अर्धं तिकीट पुरतं, चारच्या आतल्यांना तेही नको, आणि रोमच्या बस-मेट्रोत दहा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. मुलांसाठी बिर्ग घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

सकाळचा क्रम असा असतो. जहाजाच्या धक्क्यापासून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे या चौकापर्यंत नेते. मोठ्या धक्क्यांवरून बंदराच्या आत चालत जाऊ देत नाहीत, त्यामुळे ही बस घ्यावीच लागते. चौकातून स्टेशनला स्थानिक बस जाते, तिचं तिकीट वेगळं. पायी गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं, रस्ता सपाट. वाटेत मिकेलांजेलोच्या नावाचा किल्ला लागतो आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ गेलं की स्टेशन. बससाठी मोठी रांग दिसली तर चालत सुटावं, बहुधा आधी पोचता.

स्टेशनावर शिरल्यावर बहुतेक लोक सरळ मशीनपुढे उभे राहतात. बिर्ग घ्यायचा असेल तर आधी वर्तमानपत्रांच्या किंवा तंबाखूच्या दुकानात जावं. 'बिर्ग पेर रोमा' एवढं म्हटलं आणि बोटांनी माणसं दाखवली की पुरतं. हातात पडल्यावर त्यावर झोनची संख्या पाच आहे ना ते तिथेच बघावं. कमी झोनचा पास रोमपर्यंत चालत नाही आणि तो चुकीचा आहे हे तपासनीस आला की मगच कळतं. पैसे रोख ठेवावेत, शक्यतो दहा-वीसच्या नोटा. छोट्या दुकानात कार्ड चालेलच याचा भरवसा नाही, आणि सकाळी आठला पन्नासची नोट पुढे केली की दुकानदाराचा चेहरा बदलतो. आपल्याकडची मोबाईलने पैसे देण्याची सवय इथे विसरावी.

एका दिवशी दोन-तीन जहाजं लागली की दुकानातले पास संपतातही. तेव्हा वाट बघत बसू नये. मशीनवर इंग्रजी भाषा निवडून साधं तिकीट घ्यावं, रोममध्ये मेट्रोच्या दाराला आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवावं. दीड युरो कापले जातात आणि दार उघडतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोंनी दोन वेगळी कार्डं बाहेर काढावीत. मशीनपाशी कोणी अगत्याने बटणं दाबून द्यायला आलं तर हसून नको म्हणावं, कारण तो नंतर पैसे मागतो आणि तेवढ्यात पाकीट कुठे ठेवलंय तेही पाहून घेतो.

पासावर नाव, आडनाव आणि जन्मतारीख लिहायला कोऱ्या ओळी असतात. त्या भरल्याशिवाय पास पुरा होत नाही. बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत, पासपोर्टवर आहे तसंच लिहावं. इथे पुष्कळ जण घाई करतात आणि गाडीत तपासनीस आल्यावर पेन शोधू लागतात. पेन जहाजावरूनच खिशात टाकून निघावं. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात, म्हणून पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि शेंगेन व्हिसाची छायाप्रत बरोबर असू द्यावी. पासावरचं नाव कागदाशी जुळवून दाखवता आलं पाहिजे.

यानंतर शिक्का. फलाटावर जाण्याच्या वाटेवर छोटी यंत्रं बसवलेली आहेत. पास खाचेत सारून एका कडेला दाबला की घरघर होते आणि टोकाला तारीख-वेळ उमटते. आवाज आला म्हणजे काम झालं असं धरू नका, छाप वाचता येते का ते बघा. शाई वाळलेली यंत्रं बरीच असतात. छाप आली नाही तर दुसरं यंत्र गाठावं. सगळीच बंद असतील तर पासावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहावं आणि गाडीत चढल्याबरोबर आपणहून तपासनीसाला गाठून सांगावं. तो यायची वाट बघत बसलात तर बिनशिक्क्याचा प्रवास म्हणून दंड होतो, आणि पर्यटक म्हणून सूट मिळत नाही. मोबाईलवर रेल्वेचं साधं तिकीट काढणाऱ्यांना कागदी शिक्का नको.

पास घडी घालून खिशात कोंबू नये. पाठीवर चुंबकीय पट्टी असते. ती मोबाईलच्या कव्हरमधल्या चुंबकाला घासली किंवा घामाने भिजली की मेट्रोचं दार उघडत नाही. तसं झालंच तर कोपऱ्यातल्या केबिनमधल्या माणसाला शिक्का दाखवावा, तो बाजूचं दार उघडून देतो.

गाडी निवडताना फलकावर आकड्याआधीची अक्षरं बघायची. आर आणि आरव्ही या प्रादेशिक गाड्या, त्यांत पास चालतो, तोही दुसऱ्या वर्गात. आयसी म्हणजे इंटरसिटी आणि फ्रेच्चा नावाच्या जलद गाड्या, यांत अजिबात चालत नाही. 'सगळ्यात आधी येतेय' म्हणून इंटरसिटीत चढणारे लोक रोज सापडतात. क्रूझच्या मोसमात खास बंदराच्या प्रवाशांसाठी सोडलेली एक्स्प्रेस गाडीही असते, तिचं तिकीट स्वतंत्र घ्यावं लागतं. आरव्ही कमी थांबे घेते, सान पिएत्रोला पाऊण तासात आणि तेर्मिनीला तासाभरात पोचवते. आर गाडी सांता मारिनेल्ला, लादिस्पोली, मक्कारेझे करत जाते आणि पंधरा-वीस मिनिटं जास्त घेते. समुद्राकडची खिडकी हवी असेल तर जाताना उजवी बाजू.

कुठे उतरायचं हाच या दिवसाचा खरा निर्णय, आणि तो गाडीत बसण्याआधी झालेला असावा. सवयीने सगळे तेर्मिनीपर्यंत जातात. तेर्मिनीला या मार्गाच्या गाड्या पंचविसाव्या फलाटाच्या आसपास, अगदी बाजूला लागतात. तिथून मुख्य इमारत आणि मेट्रो गाठायला आठ-दहा मिनिटं चालावं लागतं. ज्यांना आधी कोलोसियम बघायचंय त्यांनी तिथवर जाऊच नये. ओस्तिएन्सेला उतरावं, भुयारी वाटेने पिरामिदे मेट्रो स्टेशन गाठावं आणि बी मार्गाने दुसऱ्या थांब्यावर कोलोसियम. मेट्रोतून बाहेर पडल्यावर ते समोरच उभं असतं. वीस मिनिटं तरी वाचतात, तीही सकाळची, म्हणजे गर्दी व्हायच्या आतली.

आधी व्हॅटिकन हवं असेल तर सान पिएत्रो. स्टेशनाबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की चौक. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असेल तर मोठं चर्च दुपारपर्यंत बंद राहतं, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि रांग इतकी लांब की बंदरावरून आलेल्या माणसाने तिकडे फिरकूही नये. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. सान पिएत्रोहून ६४ क्रमांकाची बस सुटते आणि पियात्सा व्हेनेत्सिया या मधल्या चौकावरून तेर्मिनीला जाते. बस सोयीची, पण पाकीटमारांची आवडती. पिशवी पोटापाशी धरावी, मागच्या खिशात काहीही ठेवू नये.

आम्हाला सगळ्यात पटतो तो क्रम असा. जाताना ओस्तिएन्से, तिथून कोलोसियम, मग पायी फोरमच्या कडेने पियात्सा व्हेनेत्सिया, पँथेऑन, नाव्होना चौक, नदी ओलांडून सान पिएत्रोचा चौक, आणि परतीची गाडी सान पिएत्रो स्टेशनावरून. शहर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होतं, मागे वळावं लागत नाही, आणि जसजशी दुपार होते तसतसं आपण बंदराच्या जवळ येत जातो. उशीर झाला तर मधली कुठलीही बस पासावर घेता येते. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी थंड आणि पिण्याजोगं असतं.

परतीत एक मोठी खोच आहे. फलकावर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं आणि तिथे चिवितावेक्किया दिसेलच असं नाही. पीसा चेंत्राले किंवा ग्रोस्सेतो लिहिलेल्या प्रादेशिक गाड्या चिवितावेक्कियाला थांबतात, त्यांत खुशाल बसावं. याउलट याच मार्गावरच्या काही गाड्या लादिस्पोलीला संपतात. त्यात बसलात तर अर्ध्या वाटेत फलाटावर उभं राहून पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. फलाटाजवळ लावलेल्या वेळापत्रकात मधले थांबे छापलेले असतात, ते वाचूनच चढावं. फलकावर 'बिन' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर, 'सोप्प्रेस्सो' म्हणजे रद्द. फलाट आयत्या वेळी बदलतो, म्हणून गाडी आत येईपर्यंत नजर फलकावर असू द्या. दुपारी सान पिएत्रोला बसायला जागा मिळेलच असं नाही. पाय फार दुखत असतील किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील तर तेर्मिनीहून बसलेलं बरं, पण मग त्या लांबच्या फलाटापर्यंतची चाल मोजायला विसरू नये.

वेळ उलट्या दिशेने मोजावी. जहाज सुटण्याची वेळ आणि चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या, मध्ये अर्धा तास किंवा त्याहून जास्त असतो. चढण्याची वेळ साडेपाच असेल तर लार्गो देल्ला पाचेला साडेचारपर्यंत, चिवितावेक्किया स्टेशनावर चारपर्यंत, आणि रोममधून तीनच्या आत गाडी सुटलेली असली पाहिजे. त्या गाडीच्या मागे निदान एक गाडी आणखी असावी. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो असू तर थांबत नाही. जहाजाच्या दैनिक पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.

संप ही इटलीतली नेहमीची गोष्ट आहे, बहुतेकदा शुक्रवारी, आणि आधी जाहीर केलेली. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणजे जायला गाडी मिळते आणि दुपारी परत यायला मिळत नाही! जहाजाच्या प्रवाशासाठी याहून वाईट काही नाही. निघण्याच्या आदल्या रात्री संपाची बातमी बघून घ्यावी. संप असेल तर पासाचा विचार सोडून त्या दिवशी जहाजाचीच बस घ्यावी.

रोम आधी पाहिलेलं असेल तर याच पासावर ओस्तिया आंतिका गाठता येतं. पिरामिदेला लागूनच पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे, तिथून मेत्रोमारे गाडी. प्राचीन बंदराचं अख्खं गाव, रस्ते, नाट्यगृह, गोदामं, स्नानगृहं, आणि कोलोसियमच्या मानाने गर्दी अगदी थोडी.

क्रूझ चिवितावेक्कियालाच संपणार असेल आणि पुढे विमान असेल तर बिर्ग घेऊ नका. फियुमिचिनो विमानतळाच्या गाड्या या पासात नाहीत, लेओनार्दो एक्स्प्रेसही नाही. त्यांनी चिवितावेक्कियाहून साधं तिकीट काढावं, त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्सेला उतरून विमानतळाची गाडी धरावी आणि तिचं तिकीट वेगळं घ्यावं.