आंगारला, वेलिंगकरला भेटायला

पॅरिसला आलेले आपले लोक आयफेल, लूव्र, डिस्नी करतात आणि परत जातात, दिवस मोजकेच असतात त्यामुळे साहजिकच आहे. पण यावेळी जूनअखेरीस मी घरून निघतानाच ठरवलेलं की एक दिवस आंगारसाठी काढायचाच. आंगार म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या आमिआं शहराच्या आग्नेयेला, ल्यूस नावाच्या छोट्याशा नदीकाठचं एवढंसं गाव. तिथल्या लष्करी दफनभूमीत आपल्या मुंबईचा एक मुलगा आहे. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर, ब्रिटनची रॉयल एअर फोर्स, पहिल्या महायुद्धात मृत्यू, ३० जून १९१८, वय अवघं २३.

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनहून आमिआं सव्वा तासावर आहे. तिथून पुढे मावसभावाने गाडी भाड्याने घेतली कारण आंगारला धड बस नाही. वाटेत व्हिलेर-ब्रेतोनो लागतं. एप्रिल १९१८ मध्ये हे गाव जर्मनांकडून परत घेतलं ते ऑस्ट्रेलियन सैनिकांनी, आणि गावाने ते असं काही जपलंय की बघत राहावं. शाळेच्या अंगणात मोठ्या अक्षरात पाटी, ऑस्ट्रेलियाला कधीही विसरू नका. गावाबाहेर त्यांचं भलंमोठं स्मारक, मनोरा, म्युझियम, आणि हजारो मैलांवरून आलेली माणसं आपल्या पणजोबाचं नाव भिंतीवर शोधतायत. मला फार बरं वाटलं ते बघून, आणि तेवढाच हेवाही वाटला.

तिथून पुढे नुसती शेतं. गहू पिवळा पडत आलेला, बीटाचे हिरवे पट्टे, कडेने लाल पॉपी, क्षितिजावर पवनचक्क्या. भाऊ म्हणाला, "ताई, इथे लढाई झाली असेल असं वाटतं तरी का गं?" खरंच वाटत नाही. पण १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रंट लाइन इथूनच जात होती.

श्रीकृष्ण केंब्रिजला जीझस कॉलेजात शिकत होता. तेव्हा हिंदी, म्हणजे भारतीय, मुलाला लढाऊ सैन्यात राजाचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळणं जवळजवळ अशक्यच, तरी चार हिंदी पोरं हट्टाने रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (हिचीच पुढे रॉयल एअर फोर्स झाली) शिरली आणि पायलट झाली. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि हा आपला वेलिंगकर. सेन १९१७ मध्येच जर्मनांच्या कैदेत गेला, रॉय दहा विमानं पाडून १९ व्या वर्षी गेला, मलिक पायात गोळ्या घेऊनही वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. रॉयवर आपल्याकडे पोस्टाचं तिकीटसुद्धा निघालंय. वेलिंगकरचं नाव मात्र मुंबईत दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नसतं, आणि मला हे मनापासून लागतं.

तो २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. हे विमान जरा विचित्रच होतं, वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला आणि पायलटचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर. त्यामुळे नजर चौफेर जायची पण उतरताना विमान उलटलं तर पहिला मार डोक्यालाच. पॅराशूट ब्रिटिश पायलटांना देतच नव्हते. लाकूड, कापड, पेट्रोल आणि पुढ्यात मशीनगन, यात बसून ही मुलं रोज सकाळी हजारो फुटांवर जायची. २७ जूनला तो गस्तीवर गेला तो परत आलाच नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हद्दीत पडला आणि तीन दिवसांनी त्यांच्याच ताब्यात असताना वारला. पुरलंही त्यांनीच, युद्धानंतर त्याला इथे आंगारला आणलं.

दफनभूमी छोटी, गावच्या स्मशानाला लागूनच. दारातल्या कोनाड्यात रजिस्टर आणि अभिप्रायाची वही असते. आत सगळे सारखे पांढरे दगड आणि कितीतरींवर नावच नाही, 'महायुद्धातला एक सैनिक, नाव देवाला ठाऊक' एवढंच. त्यात वेलिंगकरचा दगड सापडला तेव्हा मी मोठ्याने "हा बघ, हा बघ" म्हणून ओरडलेच. वर एअर फोर्सचा गरुड, खाली नाव, आणि तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ, साम्राज्याच्या सर्वात शूर सुपुत्रांपैकी एकाच्या सन्मानार्थ, अशा अर्थाची. या ओळीची तेव्हा ६६ अक्षरांची मर्यादा होती. मुंबईत बसून, पोराचं तोंडही न बघता त्याच्या घरच्यांनी ती अक्षरं कशी जुळवली असतील कोण जाणे. ज्या साम्राज्याने हिंदी पोरांना दारातच अडवलं त्याच साम्राज्याचं नाव त्यात आलंय, मला ते खटकलं, पण त्या घराला बोल लावायचा मला काहीच अधिकार नाही.

आईला व्हिडिओ कॉल लावला. ती दादरहून बराच वेळ नुसती बघत होती, मग म्हणाली, "अगं, दगडावरची माती पूस जरा, आणि पाणी घाल त्याच्या गुलाबाला." रुमाल ओला करून अक्षरं पुसली, बाटलीतलं पाणी गुलाबाला घातलं, आमिआंहून आणलेली फुलं ठेवली.

इंद्रलाल रॉयच्या थडग्यावर बंगालीत ओळ कोरलेली आहे. इथे मराठीचं एक अक्षर नाही, म्हणून वहीत मी मुद्दाम देवनागरीत लिहिलं, 'श्रीकृष्णा, मुंबईहून आलोय तुला भेटायला', खाली आम्हा दोघांच्या सह्या आणि आईचंही नाव.

कुणाला जायचं असेल तर सकाळी लवकर आमिआंला पोचा आणि गाडी किंवा टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. रविवारी टाळा, गावात पाणीसुद्धा मिळायची मारामार होईल. या दफनभूम्या सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर आडनाव टाकलं की कितव्या ओळीतला कितवा दगड ते कळतं, स्पेलिंगमध्ये 'जी' घालू नका, Welingkar नव्हे, Welinkar असं शोधा. एस्तेव्हेलला, लांस शहराजवळ, इंद्रलालचं थडगं आहे, पुढच्या खेपेला तिकडे जायचं भावाने आत्ताच कबूल केलंय.